दारावरची झडती

एकोणीसशे शहात्तर साल होतं ते. आणीबाणी लागून आठ-नऊ महिने झाले होते आणि सांगलीत हळदीचा हंगाम ऐन भरात होता. भिंतींवर शिस्तीच्या घोषणा रंगवल्या होत्या. माणसं चहाच्या टपरीवरही बोलण्याआधी मागं वळून बघायची. हमालांचा जो पुढारी होता, तो आत होता. आत म्हणजे कुठल्या तुरुंगात, ते त्याच्या बायकोलाही कुणी धड सांगत नव्हतं.

अशा दिवसांत वखारभागातल्या एका जुन्या वखारीत राहीबाई हळद निवडायला जात होती. मूळची ती माणदेशातली. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून हातांना घट्टे पडले, गुरं गेली, आणि एका नात्यातल्या बाईचं बोट धरून ती सांगलीला आली. नवरा त्याच्या कितीतरी आधीच गेला होता. एकुलता एक मुलगा जोतिबा फलटणला साखर कारखान्यात हंगामी कामाला होता, आईला दिवाळीला भेटायचा.

वखारीत चाळीसेक बाया असतील. जमिनीवर हळदीचे ढीग, एकेका ढिगाभोवती पाच-सहा जणी, पुढ्यात सूप. लांबसडक हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, मोडतोड झालेली कणी वेगळी. दिवसभर हे चालायचं. धूळ अशी उडायची की दुपारपर्यंत पापण्या पिवळ्या व्हायच्या, थुंकी पिवळी यायची, आणि घरी जाऊन तीनदा हात धुतले तरी भाकरी पिवळी व्हायची. गावाकडं राहीबाईसारख्या बाईला हळदीच्या वाटीला बोट लावायची चोरी होती. इथं सवाष्ण काय, विधवा काय, सगळ्यांचे हात कोपरापर्यंत सारखेच रंगलेले. पहिल्या वर्षी राहीबाईला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. पुढं खोकला लागला आणि अप्रूप गेलं.

कामाचं कुणाला काही नव्हतं. जीव नकोसा व्हायचा तो संध्याकाळी. वखारीच्या मोठ्या दाराला एक बारका दिंडी दरवाजा होता. सुटी झाली की एकेकीनं वाकून त्यातून बाहेर पडायचं, आणि त्याआधी झडती द्यायची. पदर झाडायचा, ओचा सोडून दाखवायचा, पाय आपटायचे. झडती घ्यायला हंबीरराव. खंडाळ्याकडचा गडी, पलटणीतून हवालदार म्हणून सुटून आलेला. बाया त्याला सुभेदार म्हणायच्या, आणि त्यानं कधी ते दुरुस्त केलं नाही. त्याच्या हातात एक वेताची काठी असायची. काठीचं टोक ओच्याला लावायचा, तोंड भिंतीकडं करायचा आणि म्हणायचा, "झाडा."

"सुभेदार, भिंतीत काय माल पुरलाय व्हय वो?" मनुबाई विचारायची. "रोज तिकडंच बगताय."

"चला चला, लाइन तोडू नका."

मनुबाईची जीभ तशी धारदार होती. दारूडा नवरा, चार पोरं, आणि तरी दिवसभर हसवायची. पण दिंडी दरवाजाशी आली की तीही दात आवळायची, कारण हंबीरराव भिंतीकडं बघत असला तरी दिवाणजी भिंतीकडं बघत नसत. मालकाचा कारभार बघणारे तात्याबा दिवाणजी पलीकडंच गादीवर बसलेले असत, पान लावत. त्यांची नजर ओचा सुटतो तिथं असायची.

खोटं कशाला बोला, एखादी बाई कधीमधी दोन हळकुंडं कंबरेला लावून नेतही असेल. पण त्यासाठी चाळीस जणींनी रोज उघडं व्हायचं, ही रीत कुणी घातली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आधीपासून होती, म्हणून होती.

राहीबाईच्या शेजारी नूरजहां बसायची. विशीतली पोर, बोटं विजेसारखी चालायची. नवरा निजाम माधवनगरला मिलमध्ये कामाला होता. सासू सुगराबी आधी याच वखारीत होती, दमा झाल्यावर सुनेला तिच्या जागी बसवलं. नूरजहांला सातवा सरत आला होता आणि दुसऱ्या दिवशी ती बाळंतपणाला माहेरी जाणार होती. घागरीएवढं पोट घेऊन ती सुपापुढं मांडी घालू शकत नव्हती, म्हणून राहीबाईनं तिला रिकाम्या पोत्यांची उंच बैठक करून दिली होती.

"आक्का, पोरगी झाली तर तुमचं नाव ठेवू?" ती विचारायची.

"नको बाई. माझं नाव लय राबतं. एकांद्या बसून खाणारीचं ठेव."

त्या दिवशी दुपारच्या सुटीत बायांनी तिची ओटी भरायचं ठरवलं. नूरजहांच्या घरातही सातव्या महिन्यात ओटी भरत. गाणी निराळी, नारळ तोच. मनुबाईनं घरून तांदूळ आणले होते, साळूबाईनं नारळ, कुणी खणाचा तुकडा, कुणी सुपारी. पोत्यांवर नूरजहांला बसवलं. राहीबाई रीतीप्रमाणं लांब, खांबाला टेकून उभी राहिली. विधवेनं ओटीपाशी जायचं नसतं, हे वखारीतही तिच्या अंगातून गेलं नव्हतं.

मनुबाईनं ओंजळीत तांदूळ घेतले आणि थबकली. "अगं, हळकुंड कुनी आणलंय?"

कुणीच आणलं नव्हतं. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. गळ्याएवढ्या हळदीत बसलेल्या चाळीस बायांना घरून एक हळकुंड आणायचं सुचलं नव्हतं. कसं सुचावं? समुद्रावर जाताना कुणी मीठ नेतं का?

राहीबाईच्या पायाशीच ढीग होता. तिनं वाकून एक चांगलं, सरळ, टपोरं हळकुंड उचललं, पदरानं पुसलं आणि लांबूनच मनुबाईच्या हातात दिलं. "हे घे. पोरीच्या वाट्याचं हाय." तिच्या मनाला शिवलंही नाही की आपण कुणाच्या मालाला हात लावतोय. ओटीतलं हळकुंड कुणाचं असतं? ते देवाचं असतं.

संध्याकाळी नूरजहां दिंडी दरवाजाशी आली, ओटीचा पदर पोटाशी घट्ट धरून. हंबीररावानं बघितलं आणि काठी खाली केली. "जा पोरी. संबाळून वाक."

"हंबीरराव," दिवाणजी गादीवरून म्हणाले, "तिचा पदर राहिला."

"ओटी हाय, दिवाणजी."

"मी विचारलं का काय आहे? झाडायला लावा."

नूरजहां म्हणाली, "ओटी वाटंत सोडत न्हाईत, दिवाणजी. घरी जाऊन सासूच्या पुढ्यात सोडायची असती."

मागं सगळ्या बाया रांगेत उभ्या होत्या. हंबीररावानं एकदा दिवाणजींकडं बघितलं, एकदा काठीकडं. मग रोजच्यासारखं तोंड भिंतीकडं केलं. "झाड पोरी. हुकूम हाय."

तिनं पदर सोडला. तांदूळ मातीत सांडले. नारळ गडगडत दाराबाहेर गेला. हळकुंड तिच्या पायाशी पडलं आणि दिवाणजी उठले.

"वा! सातव्या महिन्यातलं चोरटं बघितलं नव्हतं कधी."

"ते मी दिलं," राहीबाई रांगेतून पुढं आली. "तिला ठावंसुदिक न्हवतं, कुटनं घेतलं ते."

"तू कोण देणारी? वखार तुझ्या बापाची काय? आणीबाणी आहे, बाई. एक शब्द टाकला तर दोघी आत जाल, आणि मग कुणी विचारणार नाही किती हळकुंडं होती." मग नूरजहांकडं वळून म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस. चोरांना इथं काम नाही."

नूरजहां घरी पोचायच्या आधी शब्द गल्लीत पोचला होता. रात्र पडायच्या आत सुगराबी धापा टाकत राहीबाईच्या खोलीवर आली. उंबऱ्यातच बसली. दम खायला तिला वेळ लागला.

"निजाम काय बोलत न्हाई. जेवलाबी न्हाई. उद्या तिला माहेरी पोचवायची, तितंबी ह्यो शब्द तिच्या आदी जाईल. चोरटीच्या पोटचं म्हणून लेकरू जन्माला येनार काय आक्का?"

"मीच दिलं हुतं ते, सुगराबी."

"मला ठावं हाय. म्हणूनच आले. तू दिलंस, तूच ह्ये नाव पुस."

एवढं बोलून ती गेली. राहीबाई रात्रभर खोकत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वखारीपाशी गेली, पण आत गेली नाही. समोरच्या लिंबाखाली बसली. मनुबाई आली, तिच्याजवळ बसली. मग साळूबाई. मग सगळ्याच. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. घोषणा नाही, फलक नाही. थोड्या वेळानं एक पोलीस सायकलवरून आला.

"ए बायांनो, जमावबंदी हाय. पाचजणी एका जागी दिसल्या तर उचलीन."

"साहेब, आमी चौघीच हाय," मनुबाई म्हणाली.

"आणि ह्या?"

"ती चौकडी निराळी. आमचं त्येंच्यासंगं जमत न्हाई."

पोलीस हसू दाबत निघून गेला. पण दुसऱ्या दिवशी दुसरा आला, आणि तो हसणाऱ्यातला नव्हता. त्यानं साळूबाईची दुरडी लाथेनं उडवली. मग बाया आपापल्या घरीच बसल्या. चुली अर्ध्यामुर्ध्या पेटत होत्या. कुणीतरी म्हणायचं, जाऊ या की आता. दुसरी म्हणायची, उद्या बघू. पुढारी बाहेर असता तर त्यानं सांगितलं असतं, काय मागायचं, कुणाकडं, कसं. आता विचारावं तर कुणाला?

हळदीचा सौदा तोंडावर आला होता आणि माल न निवडता पडून होता. म्हणून एके दिवशी दिवाणजी स्वतः राहीबाईच्या गल्लीत आले. नाकाला उपरणं लावून दारात उभे राहिले. बाया गोळा झाल्या.

"बोला. काय पाहिजे तुम्हाला?"

आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की काय पाहिजे हे कुणीच ठरवलं नव्हतं. मग मनुबाई म्हणाली, "बाप्याच्या हातची झडती नको आमाला."

"व्हय व्हय," सगळ्या म्हणाल्या. "बाप्याच्या हातची नको."

"आणि," राहीबाई म्हणाली, "नूरजहां चोर न्हाई, ह्ये सगळ्यांच्या म्होरं म्हणायचं. बाळंतपण झालं की तिला तिच्या जागी घ्यायचं."

दिवाणजींनी एवढ्या पटकन मान डोलावली की राहीबाईला जरा चुकल्यासारखं वाटलं. "झालं? एवढंच होतं तर आधी बोलायचं. बाई ठेवू झडतीला. ही राहीबाईच ठेवू. तुमच्यातली आहे, वडीलधारी आहे. बसायला स्टूल, धुळीत बसायला नको, खोकल्यालाही बरं. काय राहीबाई?"

बायांनी टाळ्या पिटल्या. मनुबाईनं राहीबाईला मिठी मारली. आक्का दारावर असल्यावर मग भ्यायचं काय? त्या दिवसांत सगळीकडून माणसं उचलली जात होती, आणि गल्लीतल्या बायांनी मात्र वखारवाल्याला नमवलं होतं. आनंद होणारच की.

हंबीररावाला मागच्या अंगाच्या पहाऱ्यावर टाकलं. जाताना त्यानं काठी राहीबाईच्या हातात दिली. तिनं ती हातात धरली नाही, दाराला टेकवून ठेवली. "मी सुटलो, बाई," तो म्हणाला. "पलटणीत बरं हुतं. तितं म्होरं दुस्मन असायचा." एवढंच म्हणाला आणि गेला.

पहिले दिवस मजेत गेले. राहीबाई हाताच्या पाठीनं नुसतं शिवल्यासारखं करायची. "आक्का, गुदगुल्या हुत्यात गं," बाया म्हणायच्या. खोकला खरोखरच कमी झाला. मग एकदा साळूबाईच्या कंबरेला मूठभर कणी हाताला लागली. राहीबाईनं हात काढून तिला जाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी साळूबाईनं राहीबाईच्या नजरेला नजर दिली नाही.

महिनाभरानं दिवाणजी म्हणाले, "माल कमी भरतोय, राहीबाई. बाई ठेवली ती डोळे मिटायला नाही. तुला जमत नसेल तर सुभेदार आहेच की."

तेव्हापासून राहीबाई हात उलटा न लावता सरळ लावू लागली. काही लागलं की हळूच म्हणायची, "टाक खाली." बाई टाकायची. कुणी भांडलं नाही. पण दुपारी जेवायला बसताना बाया तिच्याकडं चटणी सरकवायच्या बंद झाल्या, आणि ती जवळ आली की बोलणं मोडायचं. ती स्वतःशी म्हणायची, नूरजहां येईपर्यंत. ती एकदा आत आली, तिचं नाव पुसलं, की बघू.

नूरजहां आली ती पावसाळा सरता सरता. मुलगी झाली होती. सुगराबीकडं ठेवून ती सकाळी वखारीत आली, आणि हात कमी असल्यानं दिवाणजींनी तिला मुकाट्यानं आत घेतलं. ती जरा वाळली होती. राहीबाईला बघून हसली, पण लांबून.

"दिवाणजी," राहीबाई म्हणाली, "सगळ्यांच्या म्होरं म्हणायचं ठरलं हुतं."

"म्हणतो की. संध्याकाळी दारावर म्हणतो, सगळ्या असतात तेव्हा."

संध्याकाळी रांग लागली. दिवाणजी गादीवरून उठले, चांगला आवाज काढला. "ऐका गं सगळ्यांनी. ही नूरजहां चोर नाही. मागं जे झालं ते गैरसमजानं झालं."

रांगेत कुजबूज झाली. मनुबाई म्हणाली, "अल्ला पावला!" आणि दोघी-तिघी हसल्या. राहीबाईच्या छातीवरचं ओझं उतरायला लागलं होतं.

"चल, राहीबाई," दिवाणजी म्हणाले, "हिची झडती पहिली घे. नीट घे. चोर नाही, हे सगळ्यांना दिसू दे."

नूरजहां पुढं आली. कुणी सांगायच्या आतच तिनं पदर पसरला, ओचा सैल केला, दूध भरलेल्या छातीवरचा हात बाजूला घेतला आणि तोंड भिंतीकडं केलं. हंबीरराव बघायचा त्याच भिंतीकडं.

राहीबाईचा हात अर्ध्यावर राहिला. तिला एकदम कळलं की आपण काय मागितलं होतं. हात कुणाचा हे मागितलं होतं. हात नको, हे मागायचं कुणाला सुचलंच नव्हतं. चाळीस बाया लिंबाखाली बसल्या, घरी उपाशी राहिल्या, दुरडी लाथेनं उडाली, आणि मागून मागून एवढंच मागितलं. वखारवाल्यानं ते आनंदानं दिलं. त्याचं काय गेलं?

"घ्या ना," नूरजहां हळूच म्हणाली. "आक्का, घ्या. लेकरू रडत असंल घरी."

"हिची न्हाई," राहीबाई म्हणाली. "आणि कुनाचीच न्हाई. आजपासनं."

"काय?"

"झडती घ्यायची न्हाई. आमी चोर न्हाई तर झडती कशाला? आणि चोर हाय तर कामाला कशाला ठेवता?"

दिवाणजींना राग आला नाही. ते नुसते कंटाळले. "उठ मग तिथनं."

राहीबाई स्टुलावरून उठली आणि रांगेत नूरजहांच्या मागं जाऊन उभी राहिली. तिला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. मनुबाई बोलेल. साळूबाई बोलेल. चाळीस जणी एकदम नाही म्हणाल्या तर दिवाणजी काय करतील? तिनं मागं वळून बघितलं. बाया खाली बघत होत्या. लिंबाखालचे दिवस अजून त्यांच्या पोटात होते, ते पुन्हा सोसायचं बळ कुणात नव्हतं. संध्याकाळ होत आली होती. सगळ्यांच्या घरी पोरं होती.

"कोण बसतंय स्टुलावर?" दिवाणजी म्हणाले. "का बोलावू हंबीररावाला?"

मग मनुबाई रांगेतून निघाली. राहीबाईच्या जवळून जाताना पुटपुटली, "सुभेदारापरास बरं की, आक्का. कुनीतरी करनारच हाय." ती बसली. तिनं नूरजहांचा पदर चाचपला. मग राहीबाईचा. मनुबाईचे हात गार पडले होते. राहीबाईनं ते ओळखलं, आणि तिला मनुबाईचा राग करता आला नाही. रागालाही अंगात काही उरावं लागतं. वाकून ती दिंडी दरवाजातून बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा ढिगापाशी बसली. बायांनी तिच्यासाठी जागा केली. चटणी पुढं सरकली.

पुढच्या वर्षी आणीबाणी उठली आणि हमालांचा पुढारी सुटून आला. डोकं पांढरं झालं होतं. त्यानं सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाला, "मागणी चुकली तुमची." राहीबाई म्हणाली, "तुमी न्हवता." पुढं त्यानं हमालांसाठी पुष्कळ केलं. बायांच्या झडतीचा विषय त्याच्या यादीत होता म्हणतात, पण तो खालीच राहिला.

राहीबाई आणखी दोन हंगाम निवडायला गेली. मग छाती साथ देईना, तेव्हा जोतिबा येऊन तिला फलटणला घेऊन गेला. तिथं ती सुनेच्या हाताखाली चारेक वर्षं जगली. शेवटी शेवटी तिला झोपेत बोलायची सवय लागली होती. काय बोलते ते सुनेला कळायचं नाही.

मनुबाई वखार बंद होईपर्यंत दारावर होती. तिची चारही पोरं शिकली. एकानं आईला विचारलं होतं, तू वखारीत काय काम करायचीस? तर ती म्हणाली, हळद निवडायचे. हंबीरराव खंडाळ्याला गावी गेला, शेत बघितलं, आणि एका उन्हाळ्यात बांधावर बसल्या बसल्या गेला. तात्याबा दिवाणजींनी स्वतःची अडत काढली, ती चांगली चालली. सुगराबीनं नातीला चालताना बघितलं, बोलताना नाही. साळूबाई कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही.

माधवनगरचं काम सुटल्यावर निजाम आणि नूरजहां इचलकरंजीला गेले. मुलगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, तिलाही मुली झाल्या. नूरजहां आता म्हातारी आहे. तिला पुन्हा कधी कुणी चोर म्हटलं नाही. पण बाजारात कुठल्याही दुकानातून निघताना ती पायरीवर थांबते, हातातली पिशवी उघडून दुकानदारापुढं धरते, आणि तोंड बाजूला करते. नाती ओरडतात, "नानी, कुणी मागितलंय का?" कुणी मागितलेलं नसतं.